सात नंबरचा कप

बर्गन काउंटीत रविवारी दुकानं बंद ठेवायचा कायदा आहे. आजूबाजूला तो कुठेच राहिलेला नाही, पण इथल्या लोकांना तो सोडवत नाही. अधूनमधून कोणीतरी तो काढून टाकायची भाषा करतं आणि मतदानात तोंडावर आपटतं. त्यामुळे पॅरामसला मॉलांपुढच्या मैदानात आठवडाभर जिथं गाडी लावण्यावरून हमरीतुमरी होते, तिथं रविवारी नुसते समुद्रपक्षी फिरत असतात. चर्च उरकलं, जेवण झालं, की पुढे माणसानं करायचं काय? बाग, टीव्ही, नाहीतर नातेवाईक. लिओना हेरिंगला बाग नव्हती, टीव्हीची आवड नव्हती आणि नातेवाइकांची तर त्याहून नव्हती. ती ऑफिसात जायची.

ऑफिस म्हणजे गालिच्यांच्या दुकानामागची एक बुटकी, विटांची इमारत. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते पुढे इतक्यांदा बदललं की तिथल्या लोकांनाही चेक वटवताना आठवावं लागायचं. माल मात्र एकच: सॉर्ट. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या मोठ्या यंत्रांत रोज कोट्यवधी नोंदी येऊन पडतात, एकीचा दुसरीशी संबंध नाही अशा. त्या कशाच्या तरी क्रमानं लागल्याशिवाय ना पगार होतो, ना बिल निघतं. तो क्रम लावणारा प्रोग्रॅम ही मंडळी विकायची. जगात कुणाचं त्याच्याकडे लक्ष जाऊ नये हीच त्याची कीर्ती. घरच्या मोरीचं जसं असतं तसं. तुंबली तरच आठवण.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला लिओनाच्या भावाकडे टर्कीच्या ताटावर भावाचा कॉलेजात शिकणारा जावई विचारायचा, ‘तुमचा तो सॉर्ट लिहिलाय कुठल्या भाषेत?’ गिऱ्हाइकं आपापले प्रोग्रॅम कोबोलमध्ये लिहितात, लिओना सांगायची. आमचे निरोप, अहवाल वगैरे वरवरचं काम दुसऱ्या सोप्या भाषांत असतं. पण गाभा असेंब्लर. ‘अजून?’ जावई म्हणायचा, घरात नळ असून बाई विहिरीवर जाते असं ऐकल्यासारखा. लिओना शांतपणे क्रॅनबेरीचा सॉस वाढून घ्यायची. नळाला धार किती येते ते तिला ठाऊक होतं.

असेंब्लर ही यंत्राच्या कानाशी लागून बोलायची भाषा. एक ओळ म्हणजे एक आज्ञा. हे उचल, तिथं ठेव, या दोघांत लहान कोण ते बघ. दुसऱ्या भाषांत माणूस मोघम सांगतो आणि मधला दुभाषा ते यंत्राला समजावतो. दुभाष्याला थोडा पाल्हाळ लागतोच. सॉर्टला पाल्हाळ परवडत नाही. हा धंदाच शर्यतीचा. गिऱ्हाईक आपल्या जागेवर, आपल्या यंत्रावर, आपलीच फाइल दोन कंपन्यांच्या सॉर्टना देतं. जो आधी संपवेल त्याला कंत्राट, दुसऱ्याला कॉफी. म्हणून अगदी आतल्या, पुन्हापुन्हा फिरणाऱ्या चक्रातली एखादी जरी आज्ञा कोणी कमी केली, तर साहेब मार्व्हिन पिंकस स्वतः हॅकेनसॅकच्या बेकरीतून त्याच्यासाठी क्रम्ब केक आणायचा. पगारवाढीच्या बाबतीत त्याचा हात इतका सैल नव्हता.

गाभा दोघांनी लिहिलेला. कॅझिमिर डुडेककडे जुळवणी होती: लागलेल्या लहानलहान रांगा घ्यायच्या आणि त्यांची एक मोठी रांग करायची. लिओनाकडे तुलना होती: समोर आलेल्या दोन नोंदींत पुढे कोण, मागे कोण. कॅझच्या चक्राला प्रत्येक फेरीत लिओनाच्या दारात यावं लागायचं. कॅझ वॉलिंग्टनचा, तिथल्या पोलिश वस्तीतला. वडील लोणच्याच्या कारखान्यात होते, आणि तो स्वतःही तसाच खारवलेला. दिवसभरात त्याच्या तोंडून जी दोनचार वाक्यं पडायची, त्यांतली निम्मी हवेबद्दल असायची.

यंत्राकडे हाताशी ठेवायला सोळा जागा असतात, शून्यापासून पंधरापर्यंत. त्यांना रजिस्टर म्हणतात, पण हजेरीच्या रजिस्टराशी त्याचा काही संबंध नाही. सुताराच्या कमरेच्या पट्ट्यासारखं आहे ते. जे आत्ता लागणार ते तिथं. गाभ्यात काही बदल करायचा तर आधी तो टेबलावर चालवून बघायची तिथं रीत होती. कॉफीचे सोळा कागदी कप मांडायचे, त्यांवर आकडे घालायचे. एकानं ओळी वाचायच्या, दुसऱ्यानं यंत्र व्हायचं: सांगितलेली चिठ्ठी सांगितलेल्या कपात टाकायची, काढायची. यंत्र झालेल्यानं अक्कल चालवायची नाही, हा नियम. चूक दिसली तरी तोंड मिटून चूकच करायची. कॅझच्या अंगी हे उपजतच होतं. रविवारच्या रिकाम्या ऑफिसात तो यंत्र व्हायचा आणि लिओना वाचायची. त्याची बायको इरेना चर्चमध्ये कॉयर, म्हणजे समूहगान, शिकवायची, त्यामुळे त्यालाही रविवार मोकळाच असायचा. दोघांबद्दल ऑफिसात सुरुवातीला कुजबुज झाली; पण कप आणि चिठ्ठ्यांपुढे गोष्ट सरकेना, तेव्हा कुजबुजणारेच कंटाळले.

पहिल्याच वर्षात एक घोळ झाला होता. हार्टफर्डच्या एका विमा कंपनीनं यांचा सॉर्ट घेतला, हप्त्यांची बिलं टपालाच्या क्रमानं लावली आणि पोती भरून टपालखात्यात पाठवली. क्रम असा लागला होता की पोत्यांत एका गावची दोन बिलं शेजारी नव्हती. टपालखात्यानं सगळी पोती परत पाठवली. चूक तुलनेत दिसत होती म्हणून पिंकसनं लिओनाला माफी मागायला हार्टफर्डला धाडलं. बाई माणूस गेलं की समोरचा कमी ओरडतो, असा त्याचा हिशेब. समोरच्यानं तो खोटा पाडला. ती भर सभेत, टायवाल्या माणसांच्या रांगेसमोर उभी राहून, आपली चूक कुठे झाली ते न कळताच माफी मागून आली.

त्या रविवारी कप मांडल्यावर कळलं. लिओनानं सात नंबरच्या कपात आपल्या कामाची एक खूण ठेवली होती. कॅझच्या चक्रानं वाटेत तोच कप वापरायला घेतला आणि तिची चिठ्ठी टाकून दिली. फाइल मोठी असली तरच ते व्हायचं, म्हणून चाचणीत सापडलं नव्हतं. कॅझनं ती चिठ्ठी उचलली. माफीबिफी मागणं त्याच्या घराण्यात नव्हतं. मग त्यानं ती सात नंबरच्या कपात परत ठेवली आणि म्हणाला, “सात तुझं.”

दुसऱ्या दिवशी त्याच्या चक्रात दोन नव्या ओळी होत्या. सात नंबर वापरण्याआधी त्यातलं बाजूला ठेवायचं. वापरून झालं की होतं तसं परत ठेवायचं. पुढे शेरा: ‘सात लिओनाचं.’ आणि ओळीच्या अगदी शेवटी, तिथल्या शिरस्त्याप्रमाणे, ज्याचा हात लागला त्याची आद्याक्षरं: सी. डी. कॅझिमिर तो इंग्रजीत सीनं लिहायचा.

दोन ओळी म्हणजे काहीच नाही असं कोणाला वाटेल. पण मोठ्या फाइलीत त्या अब्जावधी वेळा चालायच्या. जिथं एका आज्ञेला केक मिळतो, तिथं दोन आज्ञा कायमच्या सोडून देणं म्हणजे भलतीच उधळपट्टी. लिओनाला ते लागून राहिलं. तिनं काही वर्षांनी आपली तुलना अशी बदलली की तिला सात नंबर लागेचना. कॅझला ती बोलली नाही. म्हटलं, वाचेल आणि काढून टाकेल. कॅझनं वाचलं, कारण तो तिची ओळ न् ओळ वाचायचा. काढलं मात्र नाही. कोणी नवखा उत्साहानं येऊन सांगायचा की या दोन ओळींचा आता काही उपयोग नाही, तर कॅझ म्हणायचा, राहू दे. पिंकसलाही ते माहीत होतं. ऑफिसातल्या पेन्सिली अर्ध्या तोडून वाटणारा माणूस तो, पण त्या दोन ओळींचं नाव त्यानं कधी काढलं नाही.

वर्षं अशी गेली की जातायत हे कळलंच नाही. इरेना गेली. लिओनाची आई गेली आणि रिव्हर एज गावातल्या घरात ती एकटी उरली. पिंकस निवृत्त होऊन फ्लॉरिडाला गेला आणि तिथून दर नाताळला संत्री पाठवू लागला, अर्थात अर्धी पेटी. कॅझच्या फुप्फुसांनी संप पुकारला आणि तो नाकात नळ्या घालून घरी बसला.

मग पिंकसच्या जागी नेल्सन आला. गोष्टीत याच्यासारखा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, पण नेल्सन सज्जन होता. सोमवारी स्वतःच्या पैशानं डोनट आणायचा. त्यानं लिओनाला खुर्ची देऊन समजावलं की असेंब्लर लिहिणारी माणसं आता मिळत नाहीत आणि आहेत ती आजारी पडतात. त्याच्या हाताखालच्या पोरांनी गाभा सी भाषेत नव्यानं लिहिला होता. दुभाषा आता फार हुशार झालाय, तो म्हणाला. कुठला कप कशाला वापरायचा ते तोच ठरवतो. तरी अन्याय नको म्हणून शर्यत ठेवू. जुना गाभा स्पष्टपणे पुढे राहिला तर राहील. नाहीतर गोठवू, म्हणजे साठवणीत टाकून कुलूप. तुम्हाला हवी तेवढी धार लावून घ्या.

लिओनानं धार लावायला घेतली. पण तीस वर्षं रोज तासलेल्या लाकडाला आणखी काय तासणार? पुन्हा वाचलं, पुन्हा कप मांडले, या वेळी यंत्रही तीच आणि वाचणारीही तीच. निरुपयोगी म्हणावं असं सबंध गाभ्यात एकच काही उरलं होतं.

ती वॉलिंग्टनला गेली. कॅझची मुलगी तेरेसा हिनं दार उघडलं, हळूच म्हणाली, “मावशी, फार बोलायला लावू नका हं त्यांना.” लिओना म्हणाली की ते आजवर कुणाला जमलेलं नाही.

कॅझ खिडकीशी बसला होता. शेजारी प्राणवायूचं यंत्र सुस्कारे टाकत होतं. लिओनानं शर्यतीचं सांगितलं, नेल्सनचं सांगितलं, डोनटचंही सांगितलं. मग विचारलं.

“कॅझ, त्या दोन ओळी काढू का रे?”

कॅझनं कुठल्या म्हणून विचारलं नाही. बाहेर बघत राहिला. “पाऊस येईलसं दिसतंय,” म्हणाला.

“मी विचारतेय काहीतरी.”

“मला काय विचारतेस? सात तुझं आहे.”

रविवारी तिनं त्या काढल्या. असेंब्लरमध्ये ओळ काढणं म्हणजे ओळ काढणं. मग सबंध गाभा पुन्हा बांधून मोठ्या फाइलीवर चालवला आणि वेळ बघितली. फरक नव्हता. तिला वाटलं, चुकून जुनाच चालवला. पुन्हा बांधला, पुन्हा चालवला. केसाइतकाही फरक नव्हता.

सोमवारी तिनं नेल्सनला विचारलं. त्यानं डोनट बाजूला ठेवून आस्थेनं सांगितलं. नवी यंत्रं आज्ञांपायी खोळंबत नाहीत, ती खोळंबतात माल यायची वाट बघत. नोंद आतल्या स्मृतीतून हाताशी येईपर्यंत यंत्र तिष्ठत असतं; तेवढ्यात अशा बारीकसारीक ओळी ते जाता जाता उरकून टाकतं. “त्या तुम्हाला फुकटच पडत होत्या, लिओना,” तो म्हणाला. त्याला वाटलं, बाईंना दिलासा मिळेल.

लिओना जागेवर येऊन बसली. हार्टफर्डहून परतताना बसमध्ये बसली होती तशी, पर्स मांडीवर घट्ट धरून. कॅझनं तिच्यासाठी जे वर्षानुवर्षं खर्च केलं, जे परत करायला तिनं आपली सगळी तुलना उलटीपालटी केली आणि तरी त्यानं परत घेतलं नाही, ते मधेच केव्हातरी फुकट होऊन गेलं होतं. कधी, तेही कळायला मार्ग नव्हता. आणि नेमकं आता, कामाचं नाही तेव्हा, तिनं ते आपल्या हातानं पुसलं होतं.

शर्यत झाली. नवा गाभा थोडा पुढे आला. फार नाही, पिंकस असता तर म्हणाला असता, पुन्हा चालवा. नेल्सन तसं म्हणाला नाही. पोरांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत, लिओनाकडे बघून त्यांना ते बरं वाटलं नसावं. टाळ्या चालल्या असत्या तिला.

कॅझ आता पलंगावर होता आणि यंत्राचे सुस्कारे मोठे झाले होते. लिओना शेजारी बसली. त्यानं नुसत्या भुवया उचलल्या.

“हरलो,” ती म्हणाली.

“कितीनं?”

“थोडक्यात.”

कॅझच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ओळखणाऱ्याला ते हसू आहे हे कळायचं.

“थोडक्यात,” तो म्हणाला. एकेका शब्दाला त्याला दम घ्यावा लागत होता. “म्हणजे काढल्या नाहीस तू. दोन ओळींनी घात केला. वेडी आहेस. साफ वेडी.”

लिओनानं तोंड उघडलं. सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं: काढल्या, आणि काढून काही झालं नाही, आणि त्यांचं वजनच उरलेलं नव्हतं. तेरेसा दारात टॉवेलाची घडी घालत होती. कॅझच्या कपाळावरची आठी उतरली होती. शर्यत हरलेल्या माणसाचं कपाळ ते नव्हतं.

यंत्र झालेल्यानं अक्कल चालवायची नाही. चूक दिसली तरी तोंड मिटायचं.

“पिंकसनं केक परत मागितला असता,” ती म्हणाली.

“अर्धा,” कॅझ म्हणाला. त्यावर त्याला खोकला आला आणि तेरेसानं लिओनाला डोळ्यांनी बाहेर जायला सांगितलं.

लेंटच्या उपासांच्या दिवसांत कॅझ गेला. पोलिश चर्चमध्ये इरेनाच्या जुन्या कॉयरनं गायलं, निम्म्या बायकांना आता वरच्या सज्जाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून खालून. नंतर सभागृहात कोबीचे पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, होत्या. नेल्सनही आला, काळा कोट घालून. लिओनाजवळ उभा राहून म्हणाला की जुना गाभा पुढच्या सोमवारी गोठवतोय, तुम्हाला त्यात काही आवरून घ्यायचं असेल तर घ्या. मेलेल्या माणसाच्या घरात भांडीकुंडी आवरायला सांगावं तसं.

रविवारी लिओना ऑफिसात गेली. पॅरामसच्या मैदानात समुद्रपक्षी होते. तिनं कप मांडले नाहीत, गरज नव्हती. कॅझचं चक्र उघडलं आणि दोन्ही ओळी जिथल्या तिथं टाईप केल्या: सात नंबरचं बाजूला ठेव, होतं तसं परत ठेव. शेरा लिहिला. मग ओळीच्या शेवटी आली आणि तिथं बोट अडलं.

ज्याचा हात लागला त्याची आद्याक्षरं, हा शिरस्ता. तो तिनं एकदाही मोडला नव्हता; दुसऱ्यानं मोडला तर चारचौघांत झाडलं होतं. आणि एल. एच. घालावं तर ओळ अशी वाचली जाणार, ‘सात लिओनाचं’, शेवटी सही लिओनाची. बाईनं स्वतःच स्वतःला देऊन टाकल्यासारखं.

तिनं सी. डी. घातलं. दोन्ही ओळींना. मग गाभा बांधून घेतला, नीट बांधला गेला की नाही ते बघितलं आणि साठवणीच्या जागी ठेवून दिला. चालवला मात्र नाही. वेळ काय येणार ते माहीत होतं.

सोमवारी कुलूप घालायच्या आधी नेल्सनला दिसलं की काल फाइलीला हात लागलाय. नियमानं चालणारा माणूस तो, विचारायला आलाच. काय बदललं?

“काही नाही,” लिओना म्हणाली. “होतं तसं परत ठेवलं.”

नेल्सननं मान डोलावली आणि तिच्यापुढे डोनटचा खोका सरकवला. तिनं त्यातला साखर नसलेला उचलला.